काकींच्या वहीतली बाकी

कुडाळ

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा आठ पानांचा मजकूर आणि वह्यांच्या पानांची छायाचित्रे दोन्ही मिळाली. मजकूर मी दोनदा वाचला, छायाचित्रे किती वेळा पाहिली ते मोजलेले नाही. काकींच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या, वर्षश्राद्धापूर्वी पुस्तिका छापून व्हायची आहे आणि तुझ्या हातात सहाच आठवडे आहेत, तेव्हा गोड बोलण्यात मी तुझा वेळ घालवीत नाही. तुझ्या मजकुरावर मी लाल शाईने खुणा केल्या, तेव्हा 'प्रेमळ' हा शब्द नऊ ठिकाणी, 'मायाळू' पाच ठिकाणी आणि 'अन्नपूर्णा' चार ठिकाणी आला, आणि 'बांगडा' हा शब्द एकदाही आला नाही. मालवणच्या एसटी स्टँडमागे बत्तीस वर्षे खानावळ चालवलेल्या बाईविषयी आठ पाने लिहून झाली, आणि त्यांत मासा नाही, चूल नाही, भाव नाही, उधारी नाही.

तुझी अडचण मला समजली आहे. ट्रंकेत सापडलेल्या एकवीस वह्यांनी तुला घाबरवले आहे. गावातली माणसे तुला सांगतात की काकींनी कोणाला उपाशी जाऊ दिले नाही, आणि वहीत पानोपानी पैशांचा हिशेब आहे, बाकी आहे, बाकीवर बाकी आहे. त्यातच कोणीतरी तुला पेटीची गोष्ट सांगितली आणि तू मला फोनवर विचारलेस, "काका, हे छापले तर आजी लहान होईल का?" त्या प्रश्नाने मला दोन रात्री झोप लागली नाही, कारण हाच प्रश्न माझ्या मनात एकदा आला होता आणि मी त्याचे चुकीचे उत्तर देऊन मोकळा झालो होतो. ते पुढे सांगतो. आधी एकच गोष्ट पक्की बांधून घे, म्हणजे बाकीचे पत्र वाचताना तुला अडखळायला होणार नाही: विशेषण खोड, तिने काय केले ते लिही.

पेटीची गोष्ट तू ऐकीव लिहू नकोस, मी तिथे उभा होतो. १९८४ चा मे महिना होता. एका कचेरीतला कारकून तीन महिन्यांच्या जेवणाचे पैसे न देता बदलीच्या गावी निघाला होता, आणि त्या काळी सामान गाडीच्या टपावर चढवीत असत. काकी कंबरेला पदर खोचून, हाताला वाटपाचे खोबरे तसेच लागलेले, स्टँडवर आल्या आणि गाडीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. वाहकाला एवढेच म्हणाल्या, "ती पेटी खाली काड रे." तो वाहक मुक्कामी गाडीचा, रोज त्यांच्याकडेच जेवणारा, त्याने निमूट शिडी चढून पेटी उतरवली. सतरा दिवस ती पेटी खानावळीच्या ओट्यावर होती आणि पावसाची पहिली सर आली तेव्हा काकींनी ती स्वतः उचलून आत ठेवली. मग मनिऑर्डर आली, आणि काकींनी त्याच गाडीने ती पेटी मालकाकडे धाडली. तू पाठवलेल्या सातव्या छायाचित्रात खालून तिसरी ओळ पाहा: "२१२ आले. पेटी दिली." या चार शब्दांशेजारी 'करारी' आणि 'कणखर' असे दोन शब्द ठेवून पाहा, आणि मग मला सांग की तुझ्या आजीची उंची कशाने कमी होते.

तू दुसऱ्या पानावर लिहिले आहेस की ऐन तारुण्यात काकींवर नियतीने घाला घातला. मुली, नियतीने घाला घातला म्हणजे काय झाले? तुझे आजोबा १९७३ च्या पावसाळ्यात काविळीने गेले, मागे तीन मुले आणि सातशे रुपयांचे कर्ज राहिले, आणि दिवसकार्य उरकल्यावर दोन महिन्यांत काकींनी हातातल्या दोन पाटल्या मोडून दोन मोठी पातेली, एक रगडा आणि गोणीभर उकडा तांदूळ घेतला. हे काकींनी मला स्वतः सांगितले आहे, सुपात तांदूळ निवडता निवडता, आणि सांगताना त्यांच्या आवाजात काही फरक पडला नव्हता. पाटल्या मोडल्या हे लिहिलेस की वाचणाऱ्याला सगळे समजते. 'नियतीचा घाला' लिहिलेस की ती बाई त्या हजारो बायांमध्ये हरवते ज्यांच्यावर वर्तमानपत्रांतून नियतीने घाला घातलेला आहे.

हे मी तुला अधिकाराने सांगतो, कारण तो घाला घालणारा हात माझाच होता. बत्तीस वर्षे मी एका वृत्तपत्राच्या जिल्हा कचेरीत काम केले आणि त्यातली पंधराएक वर्षे 'दुःखद निधन' या सदराखालच्या बातम्या माझ्या टेबलावरून गेल्या. 'त्या मनमिळाऊ व परोपकारी स्वभावाच्या म्हणून परिसरात परिचित होत्या. त्यांच्या पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडे असा मोठा परिवार आहे.' हे वाक्य मी किती वेळा लिहिले असेल याची मोजदाद करवत नाही. सावंतवाडीची बाई, देवगडची बाई, आचऱ्याची बाई, सगळ्या मनमिळाऊ आणि परोपकारी, आणि सगळ्या कोणाच्या तरी मातोश्री. पुरुष गेला की तो निवृत्त मुख्याध्यापक असे, सोसायटीचा माजी चेअरमन असे, भजनी मंडळाचा पखवाजवादक असे, म्हणजे त्याने काय केले हे दोन शब्दांत येत असे. बाई गेली की तिचा स्वभाव येत असे. हा फरक माझ्या ध्यानात यायला फार वर्षे लागली, आणि तो यायला माझ्या घरातले माणूस जावे लागले.

माझी आत्या देवगड तालुक्यात, आमच्या गावापासून तीन मैलांवर दिलेली होती. आजोबा वारल्यावर जमिनीच्या कागदांवर वारस लागायचे होते, तेव्हा वडिलांनी तिला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावले आणि तिला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत घेऊन जायचे काम माझ्यावर सोपवले. ही १९७८ ची गोष्ट आहे, मी चोवीस वर्षांचा होतो, पदवीधर होतो, आणि १९५६ च्या कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलीचाही वाटा असतो हे मला माहीत होते. आत्या सकाळच्या गाडीने आली, तिने माझ्यासाठी आमसुलांची पुडी आणली होती. तिने ती स्वतः केलेली होती: रातांब्याची साले मिठाच्या रसात भिजवायची, उन्हात टाकायची, पुन्हा त्याच रसात, पुन्हा उन्हात, असे काळी मऊ होईपर्यंत. कचेरीच्या बाकावर बसून तिने मला एकच प्रश्न विचारला, "ह्या सहीनंतर माका आंबे गावतले मा रे?" आमच्या कलमांचे आंबे तिला लग्नानंतर दर वर्षी जात असत. मी म्हणालो, होय आत्या, गावतले. तिने अंगठा उठवला, मी साक्षीदार म्हणून सही केली. पुढे दोन वर्षे पेटी गेली. तिसऱ्या वर्षी आंबा कमी आला, चौथ्या वर्षी कोणी विषय काढला नाही.

आत्या १९९४ साली गेली. तिची बातमी मीच लिहिली आणि तिला 'त्यागमूर्ती' म्हटले.

त्या वेळी माझ्याजवळ कारणे होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. आठ ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नसे. वडील हयात होते. आत्याच्या मुलांनी कधी तक्रार केली नव्हती. आणि शोकाच्या बातमीत सातबारा काढायचा नसतो हा आमच्या कामातला संकेत होता, जो मी आजही पूर्णपणे चुकीचा मानत नाही. परंतु मी 'त्यागमूर्ती' लिहिण्याऐवजी 'त्या आमसुले उत्तम करीत' एवढे जरी लिहिले असते तरी ती आठ ओळींत मावली असती आणि ते खरे ठरले असते. 'त्यागी' हे विशेषण बहुधा घेणाऱ्याने दिलेले असते, एवढे मी त्या दिवशी शिकलो. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आली, तिची बातमीही माझ्याच टेबलावर आली होती, आणि मी ती लावताना आमसुलांच्या पुडीचा कागद कोणता होता हे आठवत बसलो होतो.

म्हणून तुझ्यावर मी चिडतो, ते तू माझ्याच वाटेने निघाली आहेस म्हणून. तुझ्या मजकुरात सहाव्या पानावर 'स्वतः उपाशी राहून तिने दुसऱ्यांना भरवले' असे वाक्य आहे. ती खरोखर उपाशी राहिली का? कोणत्या दिवशी? का? मी दोन वर्षे तिथे जेवलो आहे, आणि काकी दुपारी अडीचला, शेवटची पंगत उठल्यावर, चुलीपाशी पाटावर बसून पोटभर जेवत असत, ताटात सर्वांत मोठी तुकडी वाढून घेत असत, आणि त्या वेळात कोणी हाक मारलेली त्यांना खपत नसे. पहाटे चारला उठून रगड्यावर वाटप वाटणारी बाई दुपारी पोटभर जेवेल नाही तर काय करील? तिला उपाशी ठेवल्याशिवाय तिची थोरवी तुला दिसत नसेल, तर दोष तुझ्या नजरेत आहे, आणि ती नजर आपण सगळ्यांनी मिळून तुला दिलेली आहे.

आता वह्यांकडे ये. काकी तिसरीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि त्यांनी स्वतःची लिपी केली होती. दुपारच्या जेवणाला उभी रेघ, रात्रीच्या जेवणाला आडवी, मासळीची जादा वाटी घेतली की रेघेवर टिंब. पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधलेली असे. हे चिन्हांचे कोष्टक पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर दे, कारण ते कळले की वही वाचता येते आणि वही वाचता आली की काकी दिसू लागतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाहा, टिंबे एकदम तुरळक होतात, कारण होड्या वर ओढून झावळांनी शाकारलेल्या असत आणि रापणही, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळेही, लागत नसे. त्याच पानांवर 'सुको बांगडो' आणि 'गोलमो', म्हणजे सुकी बारीक कोळंबी, येऊ लागतात, जे काकींनी आगोटीला, पावसाच्या तोंडावर, भरून ठेवलेले असत. नारळी पौर्णिमेनंतर टिंबे परततात. इतर दिवसांत काकी दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाण्याच्या वेळेला स्वतः जात आणि बांगडे शेकड्याने घेत, मधल्या माणसाकडून घेत नसत. तो भावही वहीत आहे. तू बत्तीस वर्षांचे बांगड्याचे शेकड्याचे भाव एका खाली एक लिहून छापलेस, तर त्या एका पानाने मालवण तुझे ऋणी राहील.

१९८१ च्या मे महिन्यात सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या वहीत परगावची नावे वाढलेली दिसतात, बदलून आलेले मास्तर, तलाठी, पाटबंधाऱ्याकडचे कोणी. १९९७ साली जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढच्या वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, त्यानंतरच्या वह्या पातळ होत जातात, कारण नव्याने येणारा माणूस महिन्याच्या बोलीवर जेवत नाही, त्याला फळ्यावर लिहिलेले दर लागतात. काकींनी फळा लावला नाही. का लावला नाही हे तुझ्या आईला विचार आणि जे उत्तर मिळेल तेच लिही, 'व्यावसायिकतेला बळी न पडता' असे काही लिहू नकोस.

परंतु मला सर्वांत अधिक जे पान महत्त्वाचे वाटते त्याचा तुझ्या मजकुरात उल्लेखही नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आपल्याकडची किती घरे गिरणगावातून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालत होती हे तुझ्या पिढीला सांगावे लागते, आमच्या पिढीला पोस्टमनची सायकल पुढच्या घराकडे निघून गेल्याचा आवाज अजून आठवतो. तू पाठवलेल्या अकराव्या आणि बाराव्या छायाचित्रात, त्या वर्षीच्या मार्चपासून, अकरा नावांपुढे 'डबो' असा शब्द आहे. रेघ नाही, टिंब नाही, रक्कम नाही. ती नावे जेवायला येणाऱ्या पुरुषांची नाहीत, बायांची आहेत. ज्या वहीत दोन आण्यांच्या जादा सोलकढीचीही नोंद सुटलेली नाही, त्या वहीत पुढच्या वर्षीच्या गणपतीपर्यंत अकरा घरांपुढे रकमेची जागा कोरी आहे. तुझ्या चार 'अन्नपूर्णां'च्या जागी ही दोन पाने जशीच्या तशी छाप. त्या अकरा नावांतली जी घरे आज आहेत, त्यांना आधी विचार आणि ज्यांची इच्छा नसेल त्यांची नावे झाक, एवढे मात्र कर. आणि हे लक्षात घे की हिशेब इतका काटेकोर नसता, तर ती कोरी जागा आपल्याला दिसलीच नसती. कारकुनाची पेटी उतरवणारी आणि अकरा डबे पाठवणारी बाई एकच आहे, आणि तुला त्यातली एक निवडायची नाही.

देवरूखच्या इंदिराबाई हळब्यांनी १९५४ साली मातृमंदिर उभे केले. त्यांची आठवण ती संस्थाच सांभाळते, त्यांच्यासाठी कोणाला विशेषणे शोधावी लागत नाहीत. काकींच्या मागे संस्था नाही, इमारत नाही, फलक नाही. खानावळीच्या जागी आज मोबाईलचे दुकान आहे. मागे राहिल्या त्या एकवीस वह्या, ज्यांच्या कडांना हळदीचे बोट लागलेले आहे, आणि त्यांच्याकडे जेवलेली काही म्हातारी माणसे. वह्या टिकतील. माणसांकडे आधी जा.

त्यांच्याकडे जाशील तेव्हा 'आजी कशी होती?' असे विचारू नकोस. तसे विचारलेस की प्रत्येक माणूस तुला माझ्या त्या आठ ओळी पाठ म्हणून दाखवील. मी आत्या गेल्यानंतर बातमी द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागलो की त्या काय करीत असत, आणि पहिले उत्तर नेहमी एकच येई, "काय करतली, घरातच असा." मी पुन्हा विचारत असे, घरात काय करीत? माणसे चिडत, दुःखात असत, मला उद्धट म्हणत, संपादकांकडे माझ्याविषयी दोनदा तक्रार गेली. मी विचारणे सोडले नाही. आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर कोणी सांगे की आई वाडीतल्या सगळ्या गायींची बाळंतपणे करायची, कोणी सांगे की ती फणस न कापता वासावरून बरका की कापा ते ओळखायची, एकाने रडत सांगितले की आजीने वाडीतल्या चौदा मुलांची नाळ कापली होती आणि त्या चौदातला तो एक. आठ ओळींत मी तेच छापले. तुला आठ ओळींचे बंधन नाही. तू विचार की काकी पाणी कोणत्या विहिरीवरून आणायच्या, पहाटेच्या गाडीच्या चालकाला चहा कशात द्यायच्या, रागावल्या की काय करायच्या, कोणाशी बोलत नसत आणि का.

आणखी एक काम आहे, त्याला उशीर करू नकोस. तुझ्या आठ पानांत तुझ्या आजीचे नाव दोन वेळा आहे, तेही लग्नात तांदळात लिहिलेले. माहेरी तिला कोणत्या नावाने हाक मारीत होते हे तुला माहीत आहे का? तुझ्या आईला माहीत नाही, मी विचारले. काकी तिसरीपर्यंत शिकल्या आहेत, म्हणजे त्यांच्या माहेरच्या गावातल्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्यांचे नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचा दिवस असला पाहिजे, आणि ही रजिस्टरे शाळा टाकून देत नाहीत. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज दे. तिथे लागले नाही तर तलाठ्याकडे तिच्या वडिलांच्या मृत्यूनंतरचा वारस नोंदीचा फेरफार काढ. माझ्या आत्याचे माहेरचे नाव मला तसेच मिळाले, तिच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, ज्या कागदाखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे त्याच कागदावर. मी ते १९७८ साली वाचलेच नव्हते.

राहिला माझा विषय. तू संकोचून सांगितलेस की १९८५ च्या वहीत माझेही नाव आहे आणि पुढे चौदा रुपये बाकी आहेत, आणि ते पान तू गाळणार आहेस. गाळू नकोस. ऑगस्टमध्ये माझी रत्नागिरीच्या कचेरीत बदली झाली, पहाटेची गाडी होती, काकींनी केळीच्या पानात घावन बांधून दिले आणि मी म्हणालो की पैसे मनिऑर्डरने पाठवतो. त्या म्हणाल्या, "जा तू, पैशे खंय पळतत?" मी पाठवले नाहीत. पहिल्या महिन्यात जमले नाही, दुसऱ्या महिन्यात लाज वाटली आणि मग ते मागे पडले. त्यानंतर मी सहा-सात वेळा मालवणात आलो, त्यांच्याकडे जेवलो, त्या त्या जेवणाचे पैसे त्यांनी घेतले आणि मागच्या चौदा रुपयांचे नाव काढले नाही. वहीत मात्र ती ओळ खोडलेली नाही, कारकुनाच्या ओळीसारखी "आले" असेही तिथे नाही, आणि डब्यांच्या ओळींसारखी रकमेची जागा कोरीही नाही. कारकुनाची पेटी टपावरून उतरवणाऱ्या बाईने माझे चौदा रुपये का मागितले नाहीत, याचे कारण मला सांगता येत नाही. तूही ते माझ्या वतीने ठरवू नकोस, त्याला माया म्हणू नकोस आणि विसर तर मुळीच म्हणू नकोस, कारण काकी हिशेब विसरत नसत. ती ओळ माझ्या पूर्ण नावासकट, जशी आहे तशी छाप.

येत्या रविवारी वह्या घेऊन ये. बरोबर तुझ्या आईलाही आण, आणि येताना ओल्या नारळाची दोन कवडे आण, आमच्या इथला रगडा अजून चालतो.

तुझा,
काका